पिंजऱ्यावरचा आरसा

इस्पितळात तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला 'हलूनका बाई' म्हणत. तळमजल्याच्या टोकाला एमआरआयचं मशीन होतं आणि काचेच्या खिडकीमागे बसून ते चालवणं हे तिचं काम. दिवसभर माइकचं बटण दाबायचं आणि म्हणायचं, "हलू नका." मग मशीन ठोकठोक सुरू व्हायचं, आतला माणूस डोळे मिटून पडायचा आणि पडद्यावर त्याच्या डोक्याचे नाही तर मणक्याचे काळे-पांढरे काप एकामागून एक उतरायचे. मध्येच कुणी पायाचा अंगठा हलवला तरी तिला कळायचं. "अंगठ्याला काय झालंय? त्यालाही सांगा, झोप म्हणावं."

घरात ती ताई. आपणही तिला ताईच म्हणू, कारण ही गोष्ट तिच्या भावाशिवाय पुढे सरकणार नाही.

ताई तोंडानं फटकळ. मशीनच्या खोलीत लोखंडाचा तुकडासुद्धा चालत नाही, म्हणून आत जाण्याआधी माणसाला झाडून-झटकून घ्यावं लागतं. "काही नाही हो खिशात" म्हणणाऱ्यावर ताईचा जन्मात विश्वास बसला नाही. किल्ल्या, केसांचे आकडे, कवळ्या, सगळं ती ट्रेमध्ये काढून घ्यायची. एका आजोबांच्या खिशातून चमचा निघाला तेव्हा म्हणाली, "आजोबा, आत जेवायला देत नाहीत." लोक तिला वचकून असत आणि तरी तिचीच पाळी आहे का असं विचारत, कारण तिच्या हाताखाली फोटो एकदाच काढावा लागायचा.

तिचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. मशीनवर बसणाऱ्यानं फोटो काढायचा, वाचायचा नाही. वाचायला डॉक्टर आहेत. बाहेर आलेला माणूस कपडे घालता घालता हळूच विचारायचा, "बाई, काय दिसलं?" ताई म्हणायची, "तुम्ही दोनदा खोकलात ते दिसलं." पडद्यावर काहीही उमटो, तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. याचा तिला अभिमान होता. थोडा जास्तच होता, असं म्हणायलाही हरकत नाही.

आता भाऊ. तिच्याहून धाकटा, केशकर्तनाचं दुकान चालवणारा. लहानपणापासून एका जागी बसेल तर शपथ, आणि सतत गुणगुणणारा, म्हणून घरात त्याला 'भुंगा' म्हणत. पुढे गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली. मंडईच्या मागच्या गल्लीत दोन खुर्च्यांचं दुकान, समोर भिंतभर आरसा. तोही दिवसभर एकच वाक्य म्हणायचा, "मान हलवू नका." त्यांची आई होती तोवर शेजारणींना सांगायची, "माझी दोन्ही पोरं एका जागी कधी बसली नाहीत, आणि आता दोघांचं पोट दुसऱ्याला गप्प बसवण्यावर चाललंय."

भुंग्याचं खरं कसब कात्रीत नव्हतं, आरशात होतं. तो गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे कमी आणि आरशातल्या चेहऱ्याकडे जास्त बघायचा. "माणूस तोंडानं म्हणतो, छान झाली कटिंग. पण आरशात त्याचे डोळे खरं बोलतात," असं त्याचं म्हणणं. डोळे जरा जरी खट्टू दिसले तरी तो पुन्हा कंगवा उचलायचा. त्यामुळे त्याच्याकडून नाराज होऊन कुणी गेलं नाही.

आणि त्याच भुंग्याच्या हातून लोक अर्धवट कटिंग घेऊन घरी जाऊ लागले. उजवी बाजू झकास, डावीकडे केस तसेच. डावा कल्ला खाली लोंबतोय आणि याला पत्ता नाही. पोस्टातला एक जुना कारकून परत आला आणि खुर्चीत बसत म्हणाला, "भुंगाशेठ, उरलेली अर्धी आज करणार की पुढच्या महिन्यात?" दुकान हसलं. भुंगाही हसला. घरी आल्यावर मात्र त्यानं ताईला फोन केला आणि म्हणाला, "ताई, मला डावीकडचं जग दिसत नाहीये बहुतेक. म्हणजे दिसतं, पण लक्षातच येत नाही."

ताईनं त्याला दुसऱ्याच दिवशी मशीनमध्ये घातलं. डोक्याच्या उजव्या बाजूला गाठ होती. तेव्हाही ताईच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

मग शस्त्रक्रिया झाली, किरणं झाली, गोळ्या झाल्या. गाठ गेली, आणि काही महिन्यांनी तिनं पुन्हा डोकं वर काढलं. गाठींच्या डॉक्टर, ज्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, त्यांनी आता नवं औषध सुचवलं. हे औषध गाठीला मारत नाही, शरीराचे स्वतःचे जे शिपाई सुस्तावून बसलेले असतात त्यांना उठवतं आणि गाठीवर सोडतं. सलाईनमधून द्यायचं, काही आठवड्यांनी पुन्हा द्यायचं, मधूनमधून फोटो काढून बघायचं. भुंग्यानं विचारलं, "म्हणजे माझ्याच घरातली माणसं लढणार? मग होईल काम. आमच्याकडे भांडखोरांची कमी नाही." आणि ताईकडे बघितलं.

ताईचा आणि भुंग्याचा मशीनचा एक रिवाज पडून गेला होता. पहिल्या वेळी तो आत घाबरला होता. डोक्यावर प्लास्टिकचा पिंजरा बसवतात, बोगदा नाकाला लागेल इतका जवळ असतो. हा दोन मिनिटांत हातातला, मदत मागायचा रबरी फुगा दाबून बाहेर. तेव्हा ताईनं पिंजऱ्यावर तिरका आरसा बसवला. त्या आरशात झोपलेल्या माणसाला आपल्या पायांपलीकडची काचेची खिडकी दिसते, आणि खिडकीमागे बसलेलं माणूसही. "हे बघ, मी इथंच आहे. आता गप्प पड, गाढवा." आरसा समोर आल्यावर भुंगा निवांत झाला. पुढच्या प्रत्येक वेळी ताई माइकवरून त्याला झापायची. पाय हलवू नकोस, गुणगुणू नकोस, तुझं दुकान नाही हे. आणि तो आत गालात हसत पडून राहायचा.

नव्या औषधानंतरचा पहिला फोटो. शेवटी डायचं, म्हणजे फोटोत उठून दिसणाऱ्या द्रवाचं, इंजेक्शन देऊन जे काप काढतात ते पडद्यावर उतरले, आणि ताई पडद्याकडे वाकून बघतच राहिली. जिथं मागच्या वेळी बोराएवढा पांढरा ठिपका होता तिथं लिंबाएवढा होता. कडेला सूज पसरलेली. इतक्या वर्षांत असे फोटो तिनं किती बघितले असतील. वाचायचे नाहीत म्हटलं तरी डोळे थोडेच अडाणी राहतात? वाढलं म्हणजे वाढलं, आणि वाढलेल्यांचं पुढं काय होतं तेही तिला माहीत होतं.

तिनं बटण दाबलं आणि म्हणाली, "झालं हं. आता काढते तुला बाहेर." आत जाऊन पिंजरा उचलला, त्याच्या मानेखाली हात घातला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "हळूच ऊठ हं बाळा. मी धरलंय."

भुंगा उठून बसला. ताईकडे बराच वेळ बघत राहिला. मग चपला घातल्या आणि बायकोचा हात धरून निघून गेला.

दोन दिवसांनी मोठ्या बाईंनी ताईला बोलावून घेतलं. टेबलावर फोटो लावलेले होते. त्यांनी आधी भुंग्याची तपासणी केली होती. डाव्या हाताची पकड पूर्वीइतकीच होती, चालणंही तसंच होतं. "फोटो बिघडलाय, माणूस बिघडलेला नाही," त्या म्हणाल्या. "या औषधात कधीकधी असं होतं. शिपाई गाठीत घुसतात, तिथं गर्दी होते, सूज येते, आणि आपल्या नेहमीच्या फोटोत ती गर्दी गाठीसारखीच पांढरी दिसते. खरंच गाठ वाढलीय की लढाई चाललीय, हे या फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही. रक्त किती फिरतंय ते दाखवणारा फोटो काढू, मग पुढचं औषध द्यायचं की नाही ते ठरवू. पण तुमचे बंधू फोटोला येत नाही म्हणतात. औषधही नको म्हणतात. आम्ही काही बोललोच नव्हतो अजून, मग त्यांना सांगितलं कुणी?"

ताईनं मान खाली घातली. तिला कळलं होतं कुणी सांगितलं ते.

संध्याकाळी ती त्याच्या दुकानात गेली. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरली तर भुंगा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेला, मांडीवर फडकं. कात्र्यांना तेल लावून एकेक गुंडाळून ठेवत होता. त्याची बायको कोपऱ्यातल्या बाकावर डोळे पुसत बसली होती. "ताई, तुम्हीच सांगा यांना," ती म्हणाली. "परवापासून हेच चाललंय. कुणाचं ऐकत नाहीत."

"ऐकायचं काय?" भुंगा शांतपणे म्हणाला. "डॉक्टर म्हणणारच, अजून एक फोटो काढू. त्यांचं कामच आहे ते. मी आरशात बघितलंय ताई. तू पडद्याकडे बघत होतीस आणि तुझा चेहरा मी बघत होतो. आणि नंतर तू मला बाळा म्हणालीस. उभ्या जन्मात तू मला बाळा म्हणालेली नाहीस. आई गेली त्या आठवड्यात तू तिच्याशी असंच गोड बोलत होतीस."

ताईला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. आपल्या एका शब्दापायी हा औषध सोडून बसला आणि ते औषध काम करत असलं तर? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

"ऊठ," ती म्हणाली.

"का?"

"ऊठ म्हटलं ना. मला बसायचंय."

तो उठला. ताई खुर्चीत बसली आणि समोरच्या आरशात बघू लागली. मागे भुंगा उभा होता, जसा गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहतो तसाच. "आता बघ माझ्याकडे," ती म्हणाली. "मी बोलते आणि तू डोळे बघ. खोटं वाटलं की थांबव. त्या दिवशी मला पांढरं मोठं दिसलं. खरं आहे. मी ते वाचलं, तेही खरं. माझा नियम मीच मोडला. पण मी जुन्या औषधांचे फोटो बघत म्हातारी झालेय भुंग्या. त्यात वाढलं म्हणजे वाढलं. या औषधात तसं नसतं, हे मला माहीतच नव्हतं. माहीत नसताना मी तोंड पाडून बसले, आणि तू माझं तोंड वाचून घरी आलास. एका आंधळ्यानं दुसऱ्याला वाट दाखवली म्हण."

"मग आता काय आहे ते सांग. वाढलंय की लढाई?"

"मला माहीत नाही."

भुंगा आरशात बघत राहिला. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. शेवटी तो म्हणाला, "खरंच माहीत नाही तुला."

"नाही ना रे."

"परवा माहीत असल्यासारखी दिसत होतीस. आज नाही दिसत." मग त्यानं नकळत तिच्या मानेवरचे केस दोन बोटांत धरून बघितले. "कुणाकडून कापतेस हल्ली? शेपूट झालंय नुसतं."

"तू दुकान बंद करून बसलास तर कुणाकडे जाऊ?"

"बरं, येतो फोटोला," तो म्हणाला. "पण मशीनवर तू हवीस. आणि आरसा हवा."

इस्पितळात यावरून थोडी कुरकुर झाली. घरच्या माणसाचा फोटो घरच्यानं काढू नये असा तिथला दंडक होता; आजवर ताईसाठी त्याकडे कानाडोळा झाला होता, पण तो का असतो हे तिनं नुकतंच दाखवून दिलं होतं. शेवटी फोटोचे डॉक्टर, म्हणजे जे अंधाऱ्या खोलीत बसून सगळे काप वाचतात ते, स्वतःच चहाचा कप घेऊन तिच्या शेजारी येऊन बसले. "बाई, तुम्ही बटणं दाबा, मी पडदा बघतो," ते म्हणाले. "आपापली कामं वाटून घेऊ." ताईनं दुसरा पडदा सरळ त्यांच्याकडे वळवून टाकला. दुधानं तोंड पोळलं होतं, आता ताकही फुंकून पिणं आलं.

भुंगा आत झोपला. पिंजरा बसला, आरसा बसला. साधे काप झाले. मग रक्ताच्या फोटोची वेळ आली. यात डाय एकदम जोरात सोडतात आणि ती मेंदूतून वाहत जाताना मशीन भराभर फोटो घेत राहतं. कुठं रक्त जास्त फिरतंय, कुठं कमी, ते संगणक नंतर रंगात मांडतो. जास्त तिथं लाल, कमी तिथं निळं. डॉक्टरांनी सकाळीच तिला समजावून सांगितलं होतं, "नवी वस्ती वाढली की ती आधी पाण्याचे नळ ओढते. वाढती गाठ तशी स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, म्हणून ती लाल दिसते. नुसती भांडायला जमलेली गर्दी कुठं नळ मागते?"

"हात थोडा गार लागेल," ताई माइकवर म्हणाली. "हलू नका." भावाला ती पहिल्यांदाच अहो-जाहो करत होती. आवाज कोरडा ठेवायचा तिचा आटापिटा चालला होता. आरशातून तो आपल्याकडे बघतोय हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती नुसत्या बटणांकडे बघत राहिली. तेवढा वेळ तिनं मनात देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच ठाऊक.

डाय गेली. आता शेवटचे लांब काप सुरू झाले, तेच पांढरं दाखवणारे. मशीन ठोकत होतं. शेजारी डॉक्टर माउस फिरवत होते. चहा निवत होता. त्यांनी एकदा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, मागचे फोटो उघडून शेजारी ठेवले, पुन्हा नवे बघितले. ताईला वाटलं, हा माणूस आता बोलला नाही तर मी मशीन बंद करून याच्या अंगावर धावून जाईन.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "निळं आहे."

ताई हलली नाही.

"सगळा पांढरा भाग निळा आहे. कडेला थोडा हिरवा. लाल कुठंच नाही. एवढं मोठं दिसतंय, पण रक्त मागत नाही. लढाई चाललीय असं म्हणायला हरकत नाही." मग त्यांनी बोट वर केलं. "पण हे आजचं झालं. काही आठवड्यांनी पुन्हा बघावं लागेल, तेव्हा चित्र बदलूही शकतं. आणि मोठ्या बाईंशी बोलल्याशिवाय त्याला काही सांगायचं नाही. तुम्हाला नियम माहीत आहे."

"नाही सांगणार," ताई म्हणाली. मग तिनं विचारलं, "सर, रागावू का त्याच्यावर?"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. चहाचा थंडगार घोट घेतला. "रागावण्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

ताईनं बटण दाबलं. "ए गाढवा! पाय का हलवतोयस? गिऱ्हाइकांना दम देतोस ना मान हलवू नका म्हणून? तुला काय शिंगं फुटलीत? गप्प पड मुकाट्यानं. आणि उद्या दुकान उघड. तेल लावून कात्र्या झोपवून ठेवल्यास, लाज नाही वाटत? माझ्या केसांचं शेपूट झालंय, कोण कापणार ते, तुझा बाप?"

आत भुंग्याचे पाय अजिबात हलत नव्हते. त्यानं डोळे उघडले आणि आरशात बघितलं. काचेमागे ताई तोंडाला येईल ते बोलत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. दोन-तीन क्षण तो बघत राहिला. मग मात्र त्याचे पाय हलले. खांदे हलले. सगळं अंगच गदगदू लागलं. रडत होता की हसत होता, बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

पडद्यावर शेवटचे काप उतरले ते सगळे हललेले. कवटीच्या एकाच्या जागी चार-चार कडा, मधे नुसतं धुकं. हलूनका बाईंच्या मशीनवर असा फोटो कधी निघाला नव्हता.

"हे पुन्हा घ्यावं लागणार," डॉक्टर म्हणाले. "सांगा त्याला."

ताईनं बटणावर बोट ठेवलं. तोंड उघडलं. इतकी वर्षं दिवसाला शंभरदा म्हटलेलं ते वाक्य, पण तिच्या गळ्यातून आवाजच फुटेना. हुंदका आवरायला तिनं पदर तोंडाशी धरला आणि खुर्चीसकट थरथरत राहिली.

तेव्हा डॉक्टरच माइककडे वाकले आणि म्हणाले, "हलू नका."

बोगद्यातून भुंग्याचा ओला आवाज आला, "आधी तिला सांगा."